मैलांचें पुण्य

प्रत्येक काळाचा एक चित्रगुप्त असतो. आमच्या आजोबांच्या काळचा चित्रगुप्त यमाच्या दरबारीं बसून माणसाच्या पापपुण्याची वही लिहीत असे. ती वही जिवंतपणीं कोणासहि पाहावयास मिळत नसे, आणि म्हणूनच माणूस तिला भीत असे. हल्लींचा चित्रगुप्त विमानकंपनीच्या किंवा बँकेच्या संगणकांत बसतो. त्याची वही खिशांतल्या मोबाइलवर वाटेल तेव्हां उघडून पाहतां येते, आणि म्हणूनच माणसास ती पाहिल्यावांचून चैन पडत नाहीं. या वहींत जें पुण्य जमा होतें त्यास ‘माइल्स’ किंवा ‘पॉइंट्स’ अशीं नांवें आहेत. कंपन्या कोणताहि शब्द वापरोत, आम्ही त्यांस मैलच म्हणणार. कारण त्या शब्दांत पायांखालच्या वाटेची निदान कांहीं आठवण तरी आहे.

विमानानें वारंवार प्रवास करावा, किंवा विवक्षित क्रेडिट कार्डावर घरचा किराणा, विजेचें बिल आणि मुलांची फी भरावी, म्हणजे हे मैल सांठत जातात. आणि पुरेसे सांठले म्हणजे त्यांच्या मोबदल्यांत विमानाच्या पुढच्या भागांतील, कळ दाबतांच पलंग होणारें, असें एक आसन मिळवितां येतें. रोख पैसे मोजून त्या आसनावर बसणें आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांच्या स्वप्नांतहि येत नाहीं. मैलांच्या बळावर मात्र आमच्याच आळींतलीं माणसें त्यावर निजून समुद्र ओलांडूं लागलीं आहेत.

आमची आळी आहे बुलढाणा जिल्ह्यांत, हें वाचून कोणास हंसूं येईल. या जिल्ह्यांत नियमित विमानसेवा नाहीं. बुलढाणें हें जिल्ह्याचें ठिकाण, पण घाटावरच्या त्या गांवास अद्याप आगगाडीहि पोंचलेली नाहीं. राजूर घाट उतरून मलकापुरास यावें तेव्हां गाडीची शिटी ऐकूं येते. खामगांवास जलंबाहून आगगाडीचा फांटा आला तो इ. स. १८७० सालीं, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं येऊन तो सुरू केला. पण तो आला कापसाच्या गांठींसाठीं, माणसांसाठीं नव्हे. तेथून पुढें जालन्यापर्यंत रूळ न्यावे ही मागणी शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे, आणि तो मार्ग अजून व्हावयाचा आहे. अशा जिल्ह्यांत लग्नाच्या मांडवांत, पंगतीला पान मांडून बसलेलीं माणसें कोणत्या कार्डावर किती मैल मिळतात याची चर्चा करतात, हें प्रथम ऐकिलें तेव्हां आम्हांसहि नवल वाटलें होतें. आतां वाटत नाहीं. इ. स. १९८३ सालीं शेगांवीं श्री संत गजानन महाराजांच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. तेथून व अशाच इतर ठिकाणांहून शिकून बाहेर पडलेलीं मुलें आधीं पुण्यास गेलीं आणि पुण्याहून शिकागो, डॅलस, न्यू जर्सी अशा ठिकाणीं जाऊन राहिलीं. रूळ जालन्यास पोंचले नाहींत. मुलें मात्र पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस पोंचलीं. त्यांच्यामागें मैल आले, आणि मैलांच्या मागून ही चर्चा आली.

या पुण्याचा उगम फार जुना नाहीं. इ. स. १९७८ सालीं अमेरिकेनें कायदा करून विमानभाड्यांवरचें सरकारी नियंत्रण उठविलें. सगळ्यांचीं भाडीं पूर्वीं सरकार ठरवीत असल्यामुळें कोणत्या कंपनीच्या विमानांत बसावें हा मोठासा प्रश्न नव्हता. आतां तो झाला. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढूं नये म्हणून कांहीं तरी बंधन हवें होतें. तेव्हां १ मे १९८१ रोजीं अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें, आसनांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या संगणकांत जीं गिऱ्हाइकें पुन्हां पुन्हां आढळत त्यांच्या प्रवासाचे मैल मोजून, त्यांवर बक्षिसाचीं तिकिटें देण्याची योजना काढली. थोड्याच दिवसांत युनायटेड कंपनीनें तिचें अनुकरण केलें, आणि पाहतां पाहतां ही चाल जगभर पसरली. आमच्याकडे इ. स. १९५३ पासून नियमित प्रवासी विमानवाहतूक सरकारच्याच हातीं होती. इ. स. १९९४ सालीं तो कायदा रद्द झाला, आणि त्याच सालीं एअर इंडियानें ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही आपली योजना सुरू केली. स्पर्धा आली तेथें हें पुण्य आलें, असा या व्यवहाराचा सर्वत्र एकच क्रम दिसतो.

आतां कोणी विचारील कीं, कंपनीला हें दातृत्व परवडतें कसें? आठवडी बाजारांत सायंकाळीं मेथीच्या चार जुड्या उरल्या म्हणजे भाजीवाली त्या मिळेल त्या भावानें काढून टाकते. कारण सकाळीं त्यांस कोणी विचारणार नाहीं. विमानांतील रिकाम्या आसनाचें आयुष्य मेथीहूनहि अल्प. विमानानें जमीन सोडली कीं त्याची किंमत शून्य. पण कंपनीची अडचण अशी, कीं पुढच्या भागांतलें आसन तिला भाजीवालीप्रमाणें मोठ्यानें ओरडून स्वस्तांत विकतां येत नाहीं. तसें केलें तर शेजारच्या आसनाला लाखों रुपये मोजून बसलेला व्यापारी पुढच्या खेपेस पूर्ण भाडें कशाला देईल? म्हणून हा उतार पुण्याच्या पदराआड झांकून द्यावा लागतो. जें विकलें जाणार नाहीं असें वाटतें तें आसन मैलवाल्यास द्यावयाचें, आणि भाव उतरला असें कोणास म्हणूं द्यावयाचें नाहीं, हें या दातृत्वाचें इंगित आहे.

दुसरें इंगित याहून मोठें आहे. बहुतेक मैल हल्लीं आकाशांत जन्मतच नाहींत. ते दुकानाच्या गल्ल्यावर जन्मतात. विमानकंपनी आपले मैल बँकेस रोख पैसे घेऊन विकते, बँक ते कार्डवाल्या गिऱ्हाइकास वाटते, आणि त्याचा खर्च दुकानदाराकडून घेतलेल्या कमिशनांतून व वेळेवर पैसे न भरणारांच्या व्याजांतून बऱ्याच अंशीं भरून काढते. इ. स. २०२० सालीं महासाथीनें विमानें जमिनीस खिळलीं, तेव्हां युनायटेड कंपनीनें कर्ज उभारण्यासाठीं आपली मैलांची योजनाच तारण ठेवली. त्या वेळीं तिचें मोल कंपनीनें सुमारें २२ अब्ज डॉलर सांगितलें. कंपनीच्या सगळ्या शेअरांची बाजारांतील किंमत तेव्हां याहून पुष्कळ कमी होती. देवळापेक्षां दानपेटी मोठी असें आपल्याकडे विनोदानें म्हणतात. येथें तें हिशेबानें सिद्ध झालें.

हें पुण्य खर्चण्याची विद्या मात्र खरोखर सूक्ष्म आहे, आणि ती जाणणारांविषयीं आम्हांस आदर वाटतो. तिचें पहिलें सूत्र असें, कीं ज्या कंपनीचे मैल त्याच कंपनीच्या विमानांत ते खर्चलें पाहिजेत असें नाहीं. कंपन्यांनीं आपापसांत सोयरिकी जोडल्या आहेत. ‘स्टार अलायन्स’ ही त्यांतली मोठी सोयरीक इ. स. १९९७ सालीं जुळली आणि एअर इंडिया तींत इ. स. २०१४ च्या जुलैंत आली. त्यामुळें सिंगापूरच्या कंपनीचे मैल देऊन तुर्कस्तानच्या विमानांत बसतां येतें. एकाच आसनासाठीं एक सोयरा जेवढे मैल मागतो त्याहून दुसरा पुष्कळ कमी मागतो. तो दुसरा हुडकून काढणें हीच चतुराई. दुसरें सूत्र असें, कीं अशीं आसनें बहुधा दोन वेळां दिसतात: प्रवासाच्या सुमारें अकरा महिने आधीं, आणि नाहीं तर अगदीं अखेरच्या पंधरवड्यांत. मधल्या काळांत वाट पाहण्याखेरीज कांहीं करतां येत नाहीं. तिसरें सूत्र असें, कीं बँकेंतील पॉइंट एकदां विमानकंपनीकडे धाडले म्हणजे बहुधा परत येत नाहींत. म्हणून आधीं आसन पाहावें, मग पुण्य सोडावें. चवथें असें, कीं ‘मोफत’ तिकिटावरहि सरकारी कर रोख भरावे लागतात, आणि कित्येक कंपन्या इंधनाच्या नांवानें आणखी एवढी रक्कम लावतात, कीं तेवढ्यांत मागच्या भागांतलें साधें तिकीट येईल. आणि पांचवें, ज्यावर सगळी मदार आहे तें असें, कीं मागच्या आसनाहून पुढच्या आसनाचें रोख भाडें तिपटी-चौपटीनें चढतें, पण पुष्कळ कंपन्यांच्या कोष्टकांत मैल मात्र दुपटीच्या आसपासच चढतात. म्हणून मैलाचें खरें मोल पुढें बसण्यांत वसूल होतें.

ही सर्व घासाघीस पाहून आम्हांस जुन्या काळची बोहारीण आठवते. दुपारीं घरांतलीं पुरुषमाणसें कामावर गेलीं म्हणजे ती ओसरीवर येऊन बसे, आणि चार जुन्या लुगड्यांच्या मोबदल्यांत एक पातेलें द्यावें कीं एक पातेलें व एक वाटी द्यावी यावर घटकाभर वाद चाले. जुनें लुगडें बाजारांत कवडीमोल, आणि पातेल्याचें खरें मोल घरच्या बाईस ठाऊक नसे. तरी व्यवहार झाल्यावर दोघींनाहि आपण जिंकलों असें वाटे. या विद्येचा अतिरेकहि झालेला आहे. इ. स. १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील एका इंजिनिअरानें, वेष्टनावरच्या खुणेबद्दल मैल मिळतात असें वाचून, सुमारें ३,००० डॉलरांचीं १२,१५० पुडिंगचीं पेलीं विकत घेतलीं, खाणें एका धर्मादाय संस्थेस देऊन टाकलें, त्या संस्थेच्या माणसांकडून वेष्टनें सोलून घेतलीं, आणि साडेबारा लाख मैल पदरांत पाडले. बोहारणीनेंहि त्यास नमस्कार केला असता.

पण हें झालें कौतुक. या पुण्याचा माणसाच्या आयुष्याशीं कोठें संबंध येतो तें आम्हांस एका घरीं पाहावयास मिळालें. खामगांवीं आमच्या परिचयाचें एक निवृत्त शिक्षकाचें कुटुंब आहे. मुलगी व जांवई शिकागोजवळ राहतात. मुलीच्या पहिल्या बाळंतपणास आई गेली होती ती विमानाच्या मागच्या भागांतल्या मधल्या आसनावर बसून. घरापासून घरापर्यंतचा तो प्रवास दोन दिवसांचा. परत आल्यावर तिचे पाय आठ दिवस उतरले नव्हते, आणि पुढें गुडघे जे धरले ते धरलेच. आमच्याकडे प्रवासांतील सुखाची परमावधि म्हणजे खालचा बर्थ. त्यापलीकडे कांहीं असतें हें त्या बाईस माहीत नव्हतें, आणि माहीत झालें तेव्हां तिनें तें हंसून सोडून दिलें.

मुलगी व जांवई सहा वर्षें मैल जमवीत होतीं. ‘चांगल्या प्रसंगासाठीं’ म्हणून त्यांनीं ते राखून ठेविले होते. त्या कुटुंबांत, आणि आमच्या सर्वांच्याच कुटुंबांत, कपाटाच्या खालच्या कप्प्यांत एक ठेवणीतली पैठणी असते. ती चांगल्या प्रसंगाची वाट पाहतां पाहतां घडीवर विरते. मैलांचेंहि तसेंच झालें. दुसरें बाळंतपण जवळ आलें, आईवडिलांना दोघांनाहि आणावयाचें ठरलें, आणि मुलीनें वही उघडली, तों कंपनीनें आपलें कोष्टक मध्येंच बदललेलें. पूर्वीं जेवढ्या मैलांत पुढचीं दोन आसनें येत, तेवढ्यांत आतां एकच येत होतें. कंपनीचें नांव घेण्याचें कारण नाहीं. सगळ्यांचीच ही रीत आहे.

आसन एक आणि माणसें दोन. येथें त्या घरांत जो वाद झाला तो आमच्या समक्ष झाला, आणि आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. बाई म्हणाल्या, “मले काय करायचं तिथं एकटीनं लेटून? यायले बसू द्या समोर. पुरुषमाणूस मांगं बसन अन् मी समोर, बरं दिसते का?” गुरुजी म्हणाले, “माझे गुडघे शाबूत आहेत. तुमचे नाहीत. यात बरं-वाईट दिसायचा प्रश्न कुठं आला?” मुलगी तिकडून फोनवर म्हणाली, “आई, तिकीट तुझ्या नावानं काढलंय. आता ते बाबांच्या नावावर होत नाही.” हें ऐकून बाई गप्प बसल्या. चाळीस वर्षें ज्या बाईनें सगळ्यांचीं पानें झाल्यावर आपलें पान मांडलें, तिला पहिल्या पंगतीस बसविण्याचें सामर्थ्य नवऱ्याच्या आग्रहांत नव्हतें, मुलीच्या मायेंत नव्हतें. तें तिकिटावरचें नांव बदलतां येत नाहीं या रुक्ष नियमांत होतें.

तीं दोघें शेगांवाहून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसनें मुंबईस गेलीं, आणि तेथून विमानांत एक पडद्याच्या अलीकडे व एक पलीकडे अशीं बसून युरोपमार्गें शिकागोस पोंचलीं. परत आल्यावर आम्ही भेटावयास गेलों. पलंग कसा होता, जेवण काय होतें, असें कांहींबाहीं आम्ही विचारिलें. बाईंनीं त्यांतल्या कशाचेंहि वर्णन केलें नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, “पाय नाई सुजले माहे.” गुरुजींनीं मग हळूच सांगितलें, कीं रात्रीं दोनदां पडदा सारून बाई मागें आल्या, एकदां हातरुमालांत गुंडाळलेलें चॉकलेट द्यावयास, आणि एकदां पाय मोकळे करण्याच्या निमित्तानें, ‘आतां तुम्ही घटकाभर पडा’ असें सांगावयास. हवाईसुंदरीनें तें होऊं दिलें नाहीं. पण बाई झोंपल्या, आडव्या होऊन झोंपल्या, आणि त्या पोंचल्या दिवशींच मुलीच्या स्वयंपाकघरांत उभ्या राहूं शकल्या.

मैल कशासाठीं आहेत याचें याहून चांगलें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु हें उत्तर बहुतेक घरांत उशीरां सुचतें, आणि त्याचें कारण आमच्या मध्यमवर्गाच्या सर्वांत मोठ्या सद्गुणांत आहे. तो सद्गुण म्हणजे काटकसर. खामगांव चांदीसाठीं प्रसिद्ध आहे. आमच्या वाडवडिलांनीं हातीं चार पैसे आले म्हणजे तेथें जाऊन चांदीचा पेला किंवा ताट घेतलें, आणि फडक्यांत बांधून ठेविलें. भाव वर गेला, खालीं आला; पण पन्नास तोळ्यांचें ताट पन्नास तोळ्यांचेंच राहिलें. कापसाच्या बाजारांत हुंड्या चालत. हुंडी कागदाचीच खरी, पण तीवर लिहिलेला आंकडा लिहिणारास रातोरात बदलतां येत नसे. मैल ही अशी हुंडी आहे, कीं तिचा आंकडा तोच राहतो आणि अर्थ मात्र लिहिणाराच्या मर्जीप्रमाणें बदलतो. जें कंपनीस छापण्यास खर्च लागत नाहीं आणि जें ती वाटेल तितकें विकूं शकते, त्याचें मोल उतरत जाणार हें सांगावयास अर्थशास्त्री नको. कित्येक कंपन्यांनीं तर कोष्टकच काढून टाकिलें आहे. रोख भाड्याबरोबर मैलांचा भावहि रोज वरखालीं होतो. मैल हें नांवहि आतां नांवापुरतेंच उरत चाललें आहे. एअर इंडियानेंच इ. स. २०२४ पासून अंतराऐवजीं खर्चलेल्या रुपयांवर पॉइंट मोजावयास सुरवात केली, आणि विस्तारा कंपनीचें विलीनीकरण होऊन त्या योजनेचें नांवहि आतां ‘महाराजा क्लब’ असें झालें आहे.

कंपनीच बुडाली तर काय होतें हेंहि आपण पाहिलें आहे. किंगफिशरचीं विमानें इ. स. २०१२ च्या ऑक्टोबरांत थांबलीं, आणि तिच्या मैलांचें पुण्य तिच्याबरोबरच लयास गेलें. जेट एअरवेजचीं विमानें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं; तिची मैलांची योजना मात्र निराळी कंपनी म्हणून उभी असल्यामुळें जिवंत राहिली, आणि त्याच वर्षीं ‘इंटरमाइल्स’ असें नांव घेऊन पुढें चालूं लागली. मैल राहिले, पण ज्या विमानांच्या आशेनें ते जमविले होते तीं विमानें राहिलीं नाहींत. तेव्हां काटकसर हा गुण खरा. पण जें राखून वाढतें त्याचीच काटकसर करावी. जें राखून नासतें त्याची काटकसर म्हणजे दूध उतूं जाऊं नये म्हणून तें तापविण्याचेंच टाळण्यासारखें आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हा विषय सोडणें योग्य होणार नाहीं. हें पुण्य फुकटचें नाहीं. फक्त त्याची किंमत दुसरा कोणी देतो. दुकानदार कार्डाचें कमिशन भावांत मिळवितो, आणि तो भाव कार्ड नसलेला मजूरहि मोजतो. खामगांवच्या बाजारांत रोख पैसे देऊन पोतें उचलणारा हमाल आपल्या वांट्याचे दोन दाणे कोणाच्या तरी पुढच्या आसनासाठीं टाकून जातो, आणि त्यास त्याचा पत्ताहि नसतो. याच्या उलट आमच्या एस. टी.ची सवलत पाहावी. इ. स. २०२२ च्या ऑगस्टपासून राज्य परिवहन महामंडळानें ७५ वर्षांवरील माणसांस मोफत प्रवास दिला, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें भाडें केलें. तींत आसन पलंग होत नाहीं, हें खरें. राजूर घाटांत तें आसनहि राहतें कीं नाहीं अशी शंका येते. पण ती सवलत वयाची व माणसाची आहे, खरेदीची नाहीं. तिचा खर्च उघडपणें सरकारच्या हिशेबांत मांडला जातो, आणि ती बदलावयाची झाली तर उघडपणें, लोकांस तोंड देऊनच बदलावी लागेल.

आणि ज्या रस्त्यानें तें जोडपें मोटारींतून आगगाडी गांठावयास गेलें, त्याच खामगांव-शेगांव रस्त्यानें दरवर्षीं गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परत येते. जातांना सुमारें महिनाभर चालून गेलेले वारकरी त्या पालखीबरोबर चालतच परततात, आणि या अखेरच्या टप्प्यांत खामगांवचीं व आसपासचीं हजारों माणसें त्यांच्यांत मिसळतात. तेहि मैलच. पण त्यांतल्या कोणासहि आपले मैल किती झाले हें कोठें लिहून ठेवावेसें वाटत नाहीं, व ते कोठें वटवावयाचे आहेत असेंहि नाहीं. आम्ही हें लिहितों तें मैलवाल्यांस हिणविण्यासाठीं नव्हे. दोन्ही वाटांवर आमचींच माणसें आहेत, आणि पुष्कळदां तींच माणसें आहेत. मोजलेलें पुण्य आणि न मोजलेलें पुण्य यांतला भेद ध्यानांत असावा, एवढेंच.

कारण मोजलेल्या पुण्याची एक खोड आपल्या पूर्वजांनीं फार पूर्वीं ओळखली होती. ययाति राजा पुष्कळ पुण्य जोडून स्वर्गास गेला. तेथें त्यास आपल्याएवढा पुण्यवान् कोणी नाहीं असा गर्व झाला, आणि त्या गर्वासरशी पुण्य सरून तो खालीं पडूं लागला. पुढच्या आसनावर बसून मागच्या रांगांकडे ज्या दृष्टीनें कित्येकजण पाहतात, ती दृष्टि हीच. पण महाभारतांतल्या त्या कथेचा उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. पडतां पडतां राजा येऊन उतरला तो आपल्या मुलीच्या मुलांमध्यें. आणि त्या नातवांनीं आपलें पुण्य त्यास देऊं केलें. माधवी या त्याच्या मुलीनेंहि आपल्या पुण्याचा अर्धा वांटा पुढें केला. राजानें प्रथम नाहीं म्हटलें. क्षत्रियानें दान घेऊं नये असा त्याचा आक्षेप होता. मागून घेतलें, आणि तो पुन्हां वर गेला.

खामगांवच्या बाईंचाहि आक्षेप त्याच जातीचा होता. आईबापांनीं द्यावयाचें, मुलीकडून घ्यावयाचें नाहीं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. मुलीच्या घरचें पाणीहि न पिणारीं माणसें आम्ही पाहिलीं आहेत. ती शिकवण ज्या काळीं निघाली त्या काळीं मुलीचें सासर चार कोसांवर होतें. आतां तें अर्ध्या पृथ्वीपलीकडे आहे, आणि तिकडे जाण्यायेण्याचें सामर्थ्य मुलीच्या वहींत आहे, आईच्या गुडघ्यांत नाहीं. ज्यांच्या वहींत मैल आहेत त्या मुलामुलींस आमचें एवढेंच सांगणें, कीं चांगल्या प्रसंगाची वाट पाहूं नका. आईवडील चालते आहेत तोंवरचा प्रत्येक प्रसंग चांगलाच आहे. आणि आईवडिलांस सांगणें असें, कीं तिकिटावर तुमचें नांव असेल तर निमूटपणें जाऊन पुढें बसा, आणि पाय पसरून निजा.